पी-२५६ची एक सही १.४ सेकंद घेत असेल तर असेंब्लीच्या आधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका कंपनीत स्मार्ट वीजमीटरच्या फर्मवेअरचं काम. चिप कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्‌झची. डिजिटल सहीसाठी लागणाऱ्या पी-२५६ या एलिप्टिक कर्व्हचा कोड पुस्तकातली सूत्रं समोर ठेवून सी भाषेत स्वतः लिहिलेला. रीडिंगवर सही करायला १.४ सेकंद, आलेली सही तपासायला जवळजवळ तीन सेकंद, आणि तेवढ्यात वॉचडॉग (प्रोग्राम अडकला असं समजून चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) मीटर रीसेट करून टाकतो. कोड दहा लाख रँडम चाचण्या पास झालाय असंही लिहिलंय. विचारलेल्या गोष्टी तीन: गुणाकार असेंब्लीत, म्हणजे थेट चिपच्या सूचनांत, लिहू का, कर्व्ह बदलून २५५१९ हा दुसरा कर्व्ह घेऊ का, आणि सीनियर म्हणतात की साइड चॅनेल (लागलेला वेळ, वीज यांवरून किल्ली ओळखणं) वगैरे सगळ्या प्रयोगशाळेतल्या गप्पा, आपल्याला फक्त वेळ कमी करायचाय, तर ते बरोबर का.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मी सोळा वर्षं असलाच कोड लिहितोय. तुमच्या सीनियरांचं वाक्य मी स्वतः कधीकाळी जवळपास याच शब्दांत बोललेलो आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

बँकेचा सर्व्हर कुलूपबंद खोलीत असतो. तुमचा मीटर जिन्याखाली, पार्किंगमध्ये, ग्राहकाच्या दारात लटकतो. बिल कमी यावं असं ज्याला मनापासून वाटतं त्याच्याच ताब्यात ते यंत्र वर्षानुवर्षं राहणार. तो रात्रभर प्रोब लावून बसला तरी विचारणारं कोणी नाही, आणि त्याला लागणारं सामान पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानांत एक चक्कर मारली की पिशवीत मावतं. आता याने किती नुकसान होतं ते तुमच्या रचनेवर अवलंबून आहे. प्रत्येक मीटरची प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, वेगळी असेल तर एक मीटर फुटला म्हणजे एकच फुटला. सगळ्या मीटरमध्ये एकच किल्ली भरली असेल (हसू नका, मी पाहिलंय) तर एकाच्या घरातून सगळं शहर गेलं. हे तुमच्या प्रश्नात नाही, पण कोडला हात लावण्याआधी याचं उत्तर शोधून ठेवा.

आता मूळ अडचण. वेग की सुरक्षितता अशी ओढाताण प्रश्नात दिसते. माझ्या अनुभवात ही ओढाताण तेव्हाच होते, जेव्हा कोणता आकडा गुपित आहे आणि कोणता जगजाहीर, हे कोड लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे गुपित: प्रायव्हेट की, सहीसाठी दर वेळी निवडायचा एकदाच वापराचा आकडा म्हणजे नॉन्स, किल्ली ठरवण्याच्या देवाणघेवाणीतून निघालेलं सामायिक मूल्य, आणि या तिघांना शिवून गेलेली प्रत्येक मधली किंमत. उजवीकडे जाहीर: संदेश, त्याचा हॅश (ठरावीक लांबीचा सारांश), सही, पब्लिक की, कर्व्हचा मूळ बिंदू. सही तपासण्याचं अख्खं काम उजवीकडे येतं. तिथे वाट्टेल तेवढे आडमार्ग वापरा, कोणी काही शिकणार नाही. सही करण्याचं काम डावीकडे. तिथेही भरपूर वेग मिळतो, फक्त गुपित आकड्याची किंमत पाहून काम कमी-जास्त करायचं नाही.

आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचो तेव्हा शेजारच्या काकूंना आमच्याकडे काय शिजतंय ते न विचारता कळायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. दोन-तीन झाल्या की वरणभात, सहा-सात झाल्या की छोले, म्हणजे पाहुणे. झाकण उघडून बघायची गरजच नव्हती. सहीत कर्व्हच्या मूळ बिंदूला नॉन्सने गुणावं लागतं, आणि ते करणारा पुस्तकातला डबल-अँड-अ‍ॅड नेमका असा वाजतो. बिट शून्य असेल तर बिंदूची फक्त दुप्पट, बिट एक असेल तर दुप्पट आणि वर एक बेरीज. चिपच्या विजेच्या आलेखावर दुप्पट आणि बेरीज यांचे आकार वेगळे दिसतात, आणि डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की नॉन्सचे बिट एकामागून एक मिळतात.

नॉन्स गेला म्हणजे किल्ली गेली, हे गणित दोन ओळींचं आहे. किल्लीला ख म्हणू, नॉन्सला न, हॅशला ह, आणि सहीचे दोन भाग र आणि स. मग स = (ह + र × ख) ÷ न, सगळं कर्व्हच्या ऑर्डरच्या (बिंदूंच्या ठरलेल्या संख्येच्या) मोड्यूलोमध्ये, म्हणजे तिने भागून बाकी घेत. यात न सोडून एकच अज्ञात उरतो. पुरा न मिळायलाही लागत नाही. अनेक सह्यांमध्ये न चे वरचे थोडे बिट कळले तरी लॅटिस नावाच्या गणिती रीतीने ख निघते. वेळ मोजून किल्ली काढता येते हे पॉल कोचर यांनी १९९६ सालीच मांडलं होतं. २०११ मध्ये ब्रम्ली आणि तुवेरी यांनी ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीच्या बायनरी कर्व्हच्या कोडमधून नेटवर्कवरून किल्ली काढून दाखवली. गळत होती ती फक्त नॉन्सची लांबी, म्हणजे पुढे किती शून्यं आहेत एवढंच. २०१९च्या मिनर्व्हा संशोधनात प्रमाणपत्र मिळालेली स्मार्ट कार्डंही त्याच लांबीपायी पडली. २०२०च्या लॅडरलीक या हल्ल्याने तर दर सहीमागे एका बिटापेक्षा कमी गळतीतूनही किल्ली काढली. तुमच्या सीनियरांना हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही.

तर आता वेळ कुठे जातोय ते पाहू. कोड मी पाहिलेला नाही, पण पुस्तकातली सूत्रं म्हटलंत म्हणून अंदाज बांधतो: तुम्ही बिंदू सरळ दोन निर्देशांकांत ठेवलाय आणि दर बेरजेला, दर दुपटीला एक मोड्युलर इन्व्हर्शन (मोड्यूलोमधला भागाकार) करताय. इन्व्हर्शन म्हणजे साधारण शंभर गुणाकारांचं काम धरा. २५६ बिटांसाठी २५६ दुपटी आणि सरासरी १२८ बेरजा, म्हणजे ३८४ इन्व्हर्शन. वरचे किरकोळ गुणाकार धरून चाळीस हजार गुणाकारांइतका खर्च. १.४ सेकंद तिथेच गेले.

जेकोबियन निर्देशांकांत बिंदू तीन आकड्यांत ठेवतात आणि भागाकार शेवटपर्यंत पुढे ढकलतात. दर दुकानात सुट्ट्यांवरून हुज्जत घालण्यापेक्षा महिनाअखेरीला उधारीचा हिशोब एकदाच करावा, तसं. पी-२५६च्या समीकरणात एक्सचा गुणांक उणे ३ आहे, त्याचा फायदा घेतला की दुपटीला गुणाकार आणि वर्ग मिळून ८ लागतात, मिश्र बेरजेला (एक बिंदू दोनच निर्देशांकांत असताना) ११. हिशोब: २५६ × ८ अधिक १२८ × ११, म्हणजे सुमारे ३,४५०, आणि शेवटी एक इन्व्हर्शन. एवढ्या एका बदलात दहापटीच्या आसपास फरक पडतो. असेंब्लीची एकही ओळ न लिहिता.

पुढची गोष्ट रिडक्शन, म्हणजे गुणाकाराचं मोठं उत्तर प्राइमच्या खाली आणणं. पी-२५६चा प्राइम मुद्दाम निवडलेला आहे: २²⁵⁶ − २²²⁴ + २¹⁹² + २⁹⁶ − १. घातांक सगळे ३२ने भाग जाणारे, म्हणून ५१२ बिटांचा गुणाकार खाली आणायला भागाकार लागतच नाही. ३२ बिटांचे शब्द इकडून तिकडे सरकवून बेरजा-वजाबाक्या केल्या की झालं. तुमच्या कोडमध्ये सर्वसाधारण मोठ्या आकड्यांचा मोड्यूलो असेल तर तो काढून हे बसवा किंवा भागाकार टाळणारा माँटगोमेरी गुणाकार घ्या. एमबेड टीएलएस या लायब्ररीत एनआयएसटीच्या (अमेरिकी मानक संस्थेच्या) प्राइमसाठी ही खास वाट चालू करण्याचा पर्याय आहे आणि त्यांच्याच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्यासमोर चार ते आठपट वेग असं लिहिलंय. मी ज्या ज्या बोर्डावर पाहिलं तिथे हे आकडे फुगवलेले वाटले नाहीत.

तिसरी गोष्ट फक्त सही करण्यासाठी. सही करताना गुणला जाणारा बिंदू कायम तोच, कर्व्हचा मूळ बिंदू. मग त्याचे ठरावीक गुणित आधीच काढून फ्लॅशमध्ये का ठेवू नयेत? चार दातांचा कोंब (इंग्रजी 'कोम', कंगवा: आकड्याचे दूरदूरचे चार बिट एकदम उचलणारी रीत) घेतला तर १५ बिंदूंचा तक्ता लागतो, एक बिंदू ६४ बाइट, म्हणजे सगळे मिळून ९६० बाइट. त्या बदल्यात २५६ऐवजी ६४ दुपटी आणि ६४ बेरजा: जेमतेम १,२०० गुणाकार. ओपनएसएसएलमधल्या इंटेलसाठीच्या पी-२५६ कोडमध्ये याच कल्पनेचा तक्ता दीडशे किलोबाइटचा आहे. त्यांना तो परवडतो. मीटरमध्ये एक किलोबाइट पुष्कळ झाला.

सही तपासताना दोन गुणित काढून बेरीज करायची असते, एक मूळ बिंदूचं आणि एक पब्लिक कीचं. तुम्ही ती वेगवेगळी काढताय, म्हणूनच वेळ दुप्पट. दोन्ही आकड्यांचे बिट एकाच फेरीत चालवा: दुपटी एकदाच, आणि दर पायरीला मूळ बिंदू, पब्लिक की किंवा दोघांची बेरीज यांपैकी जे लागेल ते मिळवा. सुमारे ६,९०० गुणाकारांचं काम ४,१५०वर येतं. इथे सगळं जाहीर आहे, म्हणून शून्य बिट आला की खुशाल उडी मारा, इन्व्हर्शनलाही युक्लिडची वेगवान रीत वापरा. फक्त या फंक्शनच्या नावात 'व्हारटाइम' (वेळ बदलती) असा शब्द ठळक ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी नवीन मुलगा वेगवान दिसलं म्हणून तेच फंक्शन सहीसाठी वापरेल.

इथपर्यंत वेग झाला: इन्व्हर्शन शेवटी, प्राइमच्या आकाराचा फायदा, तक्ता, एकत्र फेरी. यातल्या कशालाही गुपित आकड्याकडे बघावं लागलेलं नाही, हे लक्षात घ्या. आता डाव्या बाजूची शिस्त.

पहिली शिस्त: गुपित बिटवर इफ नको. दर पायरीला दुप्पट आणि बेरीज दोन्ही करायच्या. पण जेकोबियन बेरजेच्या सूत्राला दोन जागी ठेच लागते: दोन्ही बिंदू एकच असले तर, आणि एक बिंदू अनंतावरचा असला तर. लोक तिथे इफ घालतात आणि गळती परत आत येते. रेनेस, कॉस्टेलो आणि बटिना यांनी २०१६ मध्ये दिलेली पूर्ण सूत्रं या दोन्ही प्रसंगांना एकाच वाटेने नेतात. थोडी महाग आहेत. वरच्या कोंबमध्ये १,२००ऐवजी १,७००च्या आसपास गुणाकार पडतील. सहीच्या बाजूला मी डोळे झाकून तीच घेतो.

दुसरी: तक्त्यातून बिंदू उचलताना गुपित आकडा थेट इंडेक्स म्हणून वापरायचा नाही. पंधराच्या पंधरा बिंदू वाचायचे आणि हवा तो मास्कने (बिटांच्या अँड-ऑरने) ठेवायचा. कॅश नसलेल्या एम३वर याची निकड कमी आहे, पण उद्या हाच कोड मोठ्या चिपवर जातो, आणि जातोच.

तिसरी शिस्त कंपायलरवर भरवसा न ठेवण्याची. तुम्ही मास्क लिहाल, अँड-ऑर लिहाल, एकही इफ नसेल. कंपायलर शहाणा आहे, त्याला कळतं की ही निवड आहे, आणि तो तिची ब्रँच, म्हणजे इफसारखा फाटा, करतो. २०२४ मध्ये कायबर या नव्या क्रिप्टो पद्धतीच्या संदर्भ-कोडबाबत नेमकं हेच दिसलं: सी भाषेत सगळं सोवळं, पण क्लँग कंपायलरने काही ऑप्टिमायझेशन पर्यायांवर गुपित बिटवर ब्रँच घातली. म्हणून मास्क कंपायलरच्या नजरेआड करणारा रिकाम्या इनलाइन असेंब्लीचा अडसर ठेवावा, आणि प्रत्येक रिलीजचं डिसअसेंब्ली (कंपायलरने खरंच काढलेल्या सूचना) उघडून पाहावं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. मेमरी पुसण्याचंही तसंच. फंक्शन संपताना केलेला मेमसेट कंपायलर 'कोणी वाचत नाही' म्हणून गाळून टाकतो. न गाळला जाणारा प्रकार वापरा.

चौथी शिस्त तुमच्या चिपची, आणि इथे असेंब्लीच्या प्रश्नाचं उत्तरही येतं. कॉर्टेक्स-एम३वर ३२ बिटांचे दोन आकडे गुणून ६४ बिटांचं उत्तर देणारी सूचना आकडा लहान असेल तर लवकर संपते: ३ ते ५ सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके), आकड्याप्रमाणे. म्हणजे तुमचा कोड कितीही सोवळा असला तरी चिपच कुकरची शिट्टी वाजवते. एम३वर ३२ बिटांचंच उत्तर देणारा साधा गुणाकार मात्र कायम एका सायकलचा आहे. १६-१६ बिटांचे चार तुकडे करून त्यावर काम भागवता येतं, वेग थोडा पडतो. एम४वर ही कटकटच नाही. तिथे लांब गुणाकार एका सायकलचा, शिवाय यूमाल नावाची सूचना आहे जी गुणाकार करून त्यात ३२ बिटांचे दोन आकडे मिळवते, आणि उत्तर ६४ बिटांत बरोब्बर मावतं, एक बिटही सांडत नाही. मोठ्या आकड्यांच्या गुणाकारासाठीच घडवल्यासारखी सूचना. पुढच्या मीटरची चिप अजून ठरली नसेल तर हार्डवेअरवाल्यांच्या कानावर हे घालाच. थोडक्यात, असेंब्ली लिहायची तर सर्वात शेवटी, फक्त गुणाकार आणि वर्ग एवढ्यासाठी, आणि एम३वर तिचा उपयोग वेगापेक्षा वेळ स्थिर ठेवायला जास्त.

पाचवी गोष्ट मी स्वतः चुकलो होतो ती. दहाएक वर्षांपूर्वीच्या एका नोकरीत आम्ही सहीचा कोड असाच घासूनपुसून केला होता. लॅडर (दुपटी-बेरजांची साखळी) स्थिर, तक्ता मास्कने, सगळं. पाठवायच्या आदल्या आठवड्यात टीममधली एक मुलगी म्हणाली, सर, एकदा स्कोपवर बघू या का. सही सुरू होताना एक पिन वर, संपताना खाली, आणि ऑसिलोस्कोपला पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर तशाच ठेवणं) लावून हजार सह्या एकावर एक काढल्या. पिन खाली येण्याची जागा एका केसाएवढी रेघ दिसायला हवी होती. पडद्यावर दोन बोटं जाड पट्टा होता. रात्री साडेआठ वाजता एमआयडीसीतल्या त्या खोलीत आम्ही चौघं त्या पट्ट्याकडे बघत उभे होतो.

मग पिन मागे सरकवत गेलो. हॅशनंतर: रेघ. लॅडरनंतर: रेघ. नॉन्सच्या इन्व्हर्शननंतर: पट्टा. सहीच्या सूत्रात न ने भागायचं असतं, आणि ते एक इन्व्हर्शन आम्ही जुन्या फाइलमधला युक्लिड जसाच्या तसा उचलून केलं होतं. सगळं घर कुलूपबंद आणि मोरीची खिडकी उघडी. युक्लिडच्या फेऱ्या आकड्यावर ठरतात, त्यामुळे नॉन्सची माहिती थेट वेळेत उतरत होती. उपाय साधा होता: फर्माच्या रीतीने ऑर्डर वजा दोन हा घात, जो जाहीर आणि ठरलेला आहे, आणि त्याआधी नॉन्सला एका यादृच्छिक आकड्याने गुणून झाकणं. तीनेकशे गुणाकार वाढले, पट्ट्याची रेघ झाली. दुःख एवढंच की आधीची एक तुकडी ग्राहकाकडे गेलेली होती. तिला अपडेट देताना ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये यूकलीक हे हल्ल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा मला तोच पट्टा आठवला. इन्फिनिऑन या चिप-कंपनीच्या क्रिप्टो लायब्ररीत नॉन्सचं इन्व्हर्शन स्थिर वेळेत होत नव्हतं, आणि त्यामुळे ५.७च्या आधीचं फर्मवेअर असलेल्या युबिकी-५ या लॉगिनच्या उपकरणातून, ते हातात घेऊन उघडता आलं तर, किल्ली काढता येत होती. जागा तीच, भागाकाराची. म्हणून कुठलाही नवा कोड समोर आला की मी आधी इन्व्हर्शन उघडतो.

नॉन्स येतो कुठून हाही तेवढाच मोठा प्रश्न. डिसेंबर २०१०मध्ये प्लेस्टेशन-३ची सही फुटली, कारण नॉन्स दर वेळी तोच होता. दोन सह्यांची वजाबाकी केली की न सुटतो आणि त्यातून ख. मीटरमध्ये चांगला रँडम जनरेटर नसेल, किंवा वीज आल्याबरोबरच्या पहिल्या सेकंदात तो तयार नसेल, तर आरएफसी ६९७९ या जाहीर दस्तऐवजातली रीत वापरा. ती किल्ली आणि संदेश यांतूनच एचमॅकने (किल्ली घातलेल्या हॅशने) नॉन्स काढते. स्वतःची रीत शोधू नका. पुटी या सर्व्हरला जोडायच्या, सगळ्यांच्या ओळखीच्या प्रोग्रामने ५२१ बिटांच्या कर्व्हसाठी ५१२ बिटांच्या हॅशवरून नॉन्स काढला, वरचे ९ बिट कायम शून्य राहिले, आणि साठेक सह्यांतून किल्ली निघते हे २०२४मध्ये उघड झालं. आरएफसीच्या रीतीतही थोडा यादृच्छिकपणा मिसळता आला तर मिसळा. एकाच संदेशावर पुन्हा पुन्हा सही करायला लावून मध्येच व्होल्टेजचा झटका देणाऱ्याचं त्याने फावत नाही.

आत येणाऱ्या आकड्यांची तपासणी स्वस्त आहे आणि तीच लोक विसरतात. बिंदूंच्या बेरजेच्या नेहमीच्या सूत्रांत कर्व्हचा स्थिरांक बी येतच नाही. याचा अर्थ कोणी दुसऱ्याच, कमकुवत कर्व्हवरचा बिंदू पाठवला तरी तुमचा कोड निमूटपणे त्यावर किल्लीने गुणाकार करून देतो, आणि किल्ली तुकड्या-तुकड्याने बाहेर जाते. २०१८ साली ब्लूटूथच्या पेअरिंगमध्ये असंच निघालं: आलेल्या बिंदूचा वाय नीट तपासला जात नव्हता. किल्ली ठरवताना आलेला बिंदू समीकरणात घालून पाहा. चार गुणाकारांचं काम आहे. सही तपासताना र आणि स दोन्ही १ पासून ऑर्डर वजा १ पर्यंतच्या मर्यादेत आहेत ना ते पाहा. जावाच्या १५व्या आवृत्तीत हा कोड सी प्लस प्लसमधून जावात नव्याने लिहिला गेला, ही तपासणी राहून गेली, आणि दोन्ही शून्य असलेली कोरी सही कुठल्याही संदेशावर खरी ठरू लागली. एप्रिल २०२२ मध्ये ते बाहेर आलं.

चाचण्यांबद्दल एकच सांगतो, कारण तुम्ही 'दहा लाख रँडम चाचण्या पास झाल्या' असं लिहिलंय. कॅरीची, म्हणजे हातच्याची, चूक रँडम चाचणीत सापडत नाही. ३२ बिटांचा एखादा शब्द नेमका भरून वाहण्याची वेळ चार अब्जांत एकदा येते, आणि हल्ला करणारा ती मुद्दाम आणतो. गो भाषेच्या इंटेलसाठीच्या पी-२५६ असेंब्लीत २०१७ साली अशीच एक कॅरीची चूक सापडली, आणि तिच्या आधाराने पायरी-पायरीने किल्ली काढता येते असं निघालं. वायचप्रूफ नावाचा चाचण्यांचा संच गूगलमध्ये सुरू झाला, तो असल्या कोपऱ्यातल्या आकड्यांनीच भरलेला आहे. (ऑस्ट्रेलियातल्या ज्या टेकडीचं हे नाव, ती जगातला सर्वात छोटा डोंगर म्हणवते. आपली पर्वतीसुद्धा तिच्याहून उंच.) वेळेच्या गळतीसाठी डुडेक्ट या साधनाची रीत घ्या: एक गट ठरावीक नॉन्सचा, दुसरा रँडम, बोर्डावरच्या सायकल काउंटरने हजारो मापं, आणि दोन गटांची टी-चाचणी (सरासरीतला फरक खरा की योगायोग ते सांगणारी). ४.५च्या वर आकडा गेला की मी रिलीज थांबवतो. शिवाय पीसीवर व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाला गुपित मेमरी 'न भरलेली' म्हणून सांगा, तिच्यावर ब्रँच किंवा इंडेक्स झाला की तो ओरडतो. अ‍ॅडम लँगली यांची २०१०ची युक्ती आहे, अजून तितकीच कामाची. पण एम३च्या गुणाकाराची शिट्टी पीसीवर ऐकू येणार नाही, त्यासाठी बोर्डच हवा.

कर्व्ह बदलण्याबद्दल. २५५१९ मला आवडतो. त्याचा लॅडर मुळातच एकसारख्या पायऱ्यांचा, एडवर्ड्‌स रूपातली सही नॉन्स स्वतःच किल्ली आणि संदेश यांतून काढते, चुकायला जागा कमी. पण तुमचा मीटर डीएलएमएस या मीटरच्या प्रोटोकॉलने बोलत असेल तर त्याच्या सुरक्षा संच १मध्ये पी-२५६ आणि संच २मध्ये पी-३८४ ठरलेले आहेत. पलीकडची यंत्रणा तुमच्यासाठी बदलणार नाही. फर्मवेअर अपडेटची सही मात्र तुमच्या कंपनीच्या घरचा मामला आहे, तिथे हवं तर २५५१९ घ्या. पण फ्लॅशमध्ये दोन कर्व्ह ठेवायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर माझा खरा सल्ला: तुमचा कोड शिकण्यासाठी ठेवा, मीटरमध्ये पाठवू नका. पी-२५६-एम नावाचा छोटा कोड खास अशा चिपसाठी लिहिलेला आहे, एमबेड टीएलएसच्या ३.५ आवृत्तीपासून त्यातच मिळतो, आणि लांब गुणाकार स्थिर वेळेचा नसलेल्या चिपचाही त्यात विचार केलाय. तो पर्याय तुमच्या एम३साठी बरोबर बसलाय ना एवढं तपासा. मोठ्या चिपवर फियाट-क्रिप्टोसारखा, गणिती पुराव्यासह यंत्रानेच लिहिलेला फील्ड-अंकगणिताचा कोड घ्या. बोरिंगएसएसएल तो वापरतं. वॉचडॉगसाठी एमबेड टीएलएसमध्ये काम तुकड्यांत करून मध्येच परत येण्याची सोय आहे. वॉचडॉगची मुदत वाढवण्यापेक्षा ती बरी. स्वतःचाच कोड पाठवण्याचा हट्ट असेल तर मॅनेजरना लिहायला एक महिना आणि मोजायला दोन असे सांगा, आणि मोजण्याचे दोन कमी करू देऊ नका.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर दोनच मापं घ्या: तुमच्या कोडमध्ये एका गुणाकाराला किती सायकल लागतात आणि एका इन्व्हर्शनला किती. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर शंभराच्या आसपास किंवा वर आलं तर माझा अंदाज बरोबर, जेकोबियनपासून सुरू करा. दहा-वीसच आलं तर इन्व्हर्शनचा दोष नाही, गुणाकारच मंद आहे. तेव्हा रिडक्शनमध्ये कुठेतरी भागाकार लपलाय तो शोधा. दोन्ही आकडे इथेच टाका, पुढचं त्यावरून बोलू.